पेनसिल्व्हेनियातली जुनी लांब बंदूक: कारागीर कसा ओळखायचा?

मेपलपान:
नमस्कार मंडळी. जरा वेगळ्या विषयावर मदत हवी आहे.

आम्ही गेली १४ वर्षं पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. शेजारच्या आजी आता ९१ वर्षांच्या आहेत. इथल्याच जुन्या जर्मन शेतकरी घराण्यातल्या. घर विकून त्या पुढच्या महिन्यात वृद्धाश्रमात जाणार आहेत. त्यांच्या चुलीवरच्या फळीवर एक लांबच लांब जुनी बंदूक टांगलेली असायची. माझा मुलगा लहानपणी तिच्याखाली उभा राहून आजोबांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. आजोबा गेले. आजींनी परवा मला बोलावलं आणि म्हणाल्या, "ही मी नातवाला देणार आहे. पण देण्याआधी ती कोणी बनवली ते मला नक्की कळायला हवं. आमच्या घरात सगळे म्हणत आले की डिकर्ट नावाच्या लँकेस्टरच्या कारागिराने बनवली. मला खात्री करून दे."

एकूण लांबी साधारण ५८ इंच. नळी आठपैलू, साडेत्रेचाळीस इंच भरली. दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेला, मेपलच्या लाकडाचा, त्यावर वाघासारखे आडवे पट्टे. उजव्या बाजूला दस्त्यात पितळी झाकणाचा छोटा कप्पा आहे. लॉकवर (ठिणगी पाडून बार उडवणाऱ्या यंत्रणेवर) पुसट अक्षरांत 'केटलंड' वाचता येतं. दस्त्याच्या मनगटाच्या जागी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागावर, चांदीची अंडाकृती पट्टी आहे, तिच्यावर दोन अक्षरं गुंफलेली. आणि कप्प्यात, धान्याच्या दुकानाच्या पावतीमागे पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी आहे: 'डिकर्ट, लँकेस्टर'. ती आजींच्या सासऱ्यांच्या हातची.

मग केटलंडने बनवली की डिकर्टने? इथे कोणी जाणकार आहे का?

टिवटिवाट:
फोटो नाही तर धागा नाही! :)

मेपलपान:
टाकते, टाकते. मोबाईलवर काढलेत, सहा आहेत.

रंजकदाणी:
ताई, लॉकवरचं नाव आधी बाजूला ठेवा. केटलंड हे बर्मिंगहॅमचं घराणं. लॉक बनवून अमेरिकेत पाठवायचा त्यांचा मोठा धंदा होता. पेनसिल्व्हेनियातला खेड्यातला कारागीर नळी जोडायचा, दस्ता कोरायचा, पितळ ओतायचा. पण लॉक पुष्कळदा फिलाडेल्फियाहून तयार आणायचा. त्यामुळे लॉकवरचं नाव हे त्या एका भागाचं नाव. पुढच्या काळातल्या बंदुकांवर 'गोल्चर' असंच दिसतं आणि लोक तीच चूक करतात.

कारागिराने सही केली असेल तर ती नळीच्या वरच्या सपाट पैलूवर असते, मागच्या माशीच्या (नेम धरायच्या खुणेच्या) आसपास. पण बहुतेकांनी सही केलीच नाही. गावातल्या गिऱ्हाइकाला बंदूक कोणाची ते ठाऊक असायचं, सही कशाला?

दुसरं, आणि हे सगळ्यात आधी करा. बंदूक भरलेली नाही ना ते तपासा. २०० वर्षांची असली तरी. ठासायचा गज नळीत अलगद शेवटपर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून तो नळीच्या बाजूने धरा. टोक रंजकाच्या भोकापर्यंत (जिथून ठिणगी आतल्या दारूला लागते) पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन इंच अलीकडेच थांबलं तर आत दारू-गोळी असू शकते. तसं झालं तर काही खुपसू नका, ठोकू नका, सरळ जुन्या बंदुकांचं काम करणाऱ्या माणसाकडे न्या. तोंड कुणाकडेही धरू नका.

कुडाळकर:
रंजकदाणी यांना शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतराखणीच्या परवान्यावरची. भातात डुकरं शिरायची तेव्हा काढायचे. माडीवर खुंटीला टांगलेली असायची. मी सातवीत असताना काकांनी साफ करायला उतरवली तेव्हा आत ठासलेली दारू तशीच निघाली. आजोबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. निवडणूक आली की दर वेळी ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, परत यायची, आणि एवढ्या हातांतून गेली तरी कोणी गज टाकून बघितलं नव्हतं. आजी त्या दिवशी जेवली नाही.

मेपलपान:
बाप रे. अंगावर काटा आला. आजच बघते.

(संध्याकाळी) बघितलं. गज भोकापर्यंत नीट पोचला, रिकामी आहे. मुलाला बाहेर पाठवून मगच हात लावला.

तांबटआळी:
मी बंदुकीतली जाणकार नाही, पण ती चांदीची पट्टी आणि गुंफलेली अक्षरं वाचून लगेच आपली भांडी आठवली. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यावर नाव घालतात ना, 'सौ. अमुक यांजकडून, शके इतके'. ते देणाऱ्याचं असतं नाहीतर ज्याचं भांडं त्याचं. तांबटाचं नाव त्यावर कधीच नसतं. आईकडच्या घंगाळावर तीन पिढ्यांची नावं आहेत, आणि ते ज्याने ठोकून उभं केलं त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. तुमच्या बंदुकीवरची अक्षरंसुद्धा मालकाची असतील का?

रंजकदाणी:
तांबटआळी, अगदी नेमकं बोललात. मनगटावरची पट्टी ही मालकाच्या नावासाठीच ठेवलेली जागा. घंगाळाचं उदाहरण मी आता सगळ्यांना सांगणार.

ताई, आजींच्या सासरच्या लोकांची नावं त्या अक्षरांशी जुळतात का ते बघा. जुळली तर बंदूक पहिल्यापासून घरातलीच आहे, असं म्हणायला आधार मिळतो.

टिवटिवाट:
म्हणजे लॉकवर इंग्रज व्यापारी, पट्टीवर मालक, चिठ्ठीत सासरेबुवा. ज्याने बनवली तो सोडून सगळे हजर!

वऱ्हाडी_इन_ओहायो:
अवांतर: याला केंटकी रायफल म्हणतात ना? मग पेनसिल्व्हेनिया कुठून आलं?

रंजकदाणी:
केंटकी हे नाव मागाहून चिकटलं. १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर केंटकीच्या शिकाऱ्यांवर एक गाणं फार गाजलं आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसलं. बंदूक घडली ती मुख्यतः पेनसिल्व्हेनियात, जर्मनीतून आलेल्या कारागिरांच्या हातून. येताना ते जर्मन शिकाऱ्यांची येगर रायफल घेऊन आले: आखूड, जाड, मोठ्या गोळीची. इथल्या जंगलात महिनोन्‌महिने फिरायचं, शिसं आणि दारू पाठीवर वाहायची, म्हणून गोळी लहान झाली आणि नळी लांब झाली. नळीला आतून आटे (पिळाच्या खाचा) पाडलेले असल्यामुळे गोळी गरगरत, सरळ जायची. गोळीभोवती तेल-चरबी लावलेली कापडाची चिंधी गुंडाळून ठासायचे. ताई, तुमच्या दस्त्यातला तो पितळी झाकणाचा कप्पा त्या चिंध्यांसाठीच. त्याला पॅचबॉक्स म्हणतात.

आणि कारागिराची ओळख पटवण्यात हा कप्पा फार कामाचा. झाकण उघडायची कळ कुठे आहे? टाचेच्या (दस्ता खांद्याला टेकतो त्या टोकाच्या) पितळी पट्टीवर वर? खाली? बाजूला? ज्याची जी सवय, ती तो सहसा सोडत नाही.

मेपलपान:
कळ वरती आहे, टाचेच्या पट्टीवर छोटं बटण. दाबलं की झाकण टक्कन उडतं, अजूनही! आत लाकडाला मेणासारखा वास आहे.

शांतीब्रह्म:
सर्वांचा उत्साह समजू शकतो, पण मला एक सांगावंसं वाटतं. लँकेस्टर म्हटलं की मला १७६३ चा डिसेंबर आठवतो. पॅक्स्टनच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळीने १४ तारखेला कॉनेस्टोगा या मूळ रहिवाशांच्या वस्तीतल्या ६ जणांना मारलं, आणि २७ तारखेला लँकेस्टरच्या कोठडीत आसऱ्याला ठेवलेल्या उरलेल्या १४ जणांना, बायकामुलांसकट. त्या टोळीच्या खांद्यावर याच भागातल्या बंदुका होत्या. कोरीवकाम कितीही सुंदर असो, हे विसरून तिच्याकडे बघता येत नाही.

वऱ्हाडी_इन_ओहायो:
मग आपण शिवकाळातल्या तलवारीपण बघायच्या नाहीत का?

शांतीब्रह्म:
बघू नका असं म्हटलंच नाही. बघताना हेही दिसू द्या, एवढंच.

रंजकदाणी:
शांतीब्रह्म, हे तुम्ही इथे आणलंत ते बरं झालं. त्यात आणखी एक भर. शॉनी आणि डेलावेअर हे मूळ रहिवासी लोक स्वतः या रायफलींचे फार जुने गिऱ्हाईक होते, आणि लँकेस्टरचे कारागीर त्यांच्याशी होणाऱ्या व्यापारासाठी मुद्दाम रायफली बनवत. लेहाय खोऱ्यातल्या काही बंदुकांवर तर मूळ रहिवाशाचं मुख कोरलेलं असतं. एकाच कारागिराच्या हातच्या बंदुका दोन्ही बाजूंनी चालल्या.

कुडाळकर:
ताई, ते फोटो? वाट बघतोय.

मेपलपान:
टाकले आहेत, सहाही. उशिराबद्दल क्षमस्व. आजींना वृद्धाश्रमाचे कागद भरायला मदत करत होते.

रंजकदाणी:
फोटो बघितले. तासभर बघतोय. मनापासून धन्यवाद ताई, फार सुंदर वस्तू आहे.

आता जे दिसतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे लॉक. ही बंदूक मुळात चकमकीची, गारगोटीवर चालणारी. नंतर कधीतरी टोपीवर (ठोका बसला की पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर) चालणारी करून घेतली आहे. लॉकच्या पट्टीवर बुजवलेली भोकं दिसतायत, जिथे रंजकाची वाटी आणि स्प्रिंग होती. १८२० नंतरच्या दशकांत अशा हजारो बंदुका बदलून घेतल्या गेल्या. याने तिचं ऐतिहासिक मोल कमी होत नाही. उलट ती वापरात राहिली, एवढंच कळतं.

दुसरं, टाचेची पट्टी. अमेरिकन क्रांतियुद्धाआधीच्या बंदुकांची टाच रुंद, दोन इंचांच्या आसपास, आणि जवळजवळ सपाट असते. पुढे ती अरुंद होत जाते आणि आत चंद्रकोरीसारखी वळते. तुमची मधली आहे. त्यावरून साधारण १७९० ते १८१० मी धरीन.

तिसरं, आणि हेच मुख्य. डिकर्टबद्दल. याकोब डिकर्ट हा मोठा माणूस. १७४० मध्ये माइन्झला जन्म, लहानपणी इकडे आला, लँकेस्टरमध्ये आयुष्य काढलं, १८२२ मध्ये गेला. त्याच्या रायफली इतक्या प्रसिद्ध की त्या काळी चांगल्या रायफलीला लोक सरळ 'डेकहार्ड' म्हणायचे. म्हणूनच घराघरांत 'आमची डिकर्टची' अशी समजूत असते. पण लँकेस्टरच्या बंदुकीचा दस्ता बघा: वरची कड आणि खालची कड दोन्ही पट्टीने आखल्यासारख्या सरळ, जणू लांबट त्रिकोण. पॅचबॉक्सच्या टोकाला पुष्कळदा डेझीचं फूल. तुमच्या बंदुकीची वरची कड, जिथे गाल टेकतो ती, नाकाच्या शेंड्यासारखी बाकदार आहे. खालची कडही आत वळलेली. याला संग्राहक 'रोमन नाक' म्हणतात, आणि ते रेडिंगचं, बर्क्स काउंटीचं लक्षण. पॅचबॉक्सच्या टोकालाही डेझी नाही.

मला वाटतं, ही डिकर्टची नाही. लँकेस्टरचीच नाही.

मेपलपान:
अरे देवा. आजींना कसं सांगू? त्यांच्या सासऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

तांबटआळी:
ताई, त्यांनी "खात्री करून दे" म्हटलंय ना? मग खरं तेच सांगा. ९१ वर्षांच्या बाईला खरं पेलतं.

वऱ्हाडी_इन_ओहायो:
एक शंका. दस्ता मागाहून बदललेला नसेल कशावरून? नळी डिकर्टची, दस्ता दुसऱ्याचा, असं होऊ शकतं ना?

रंजकदाणी:
फार चांगला प्रश्न. होतं असं, आणि पुष्कळदा होतं. नळी झिजली की पुन्हा आटे पाडून घ्यायचे, तोंडाशी खराब झाली की कापायचे, दस्ता मोडला की नवा करायचा. म्हणून फोटोत मी नळीखाली गज अडकवायच्या नळकांड्यांमधलं अंतर बघितलं. नळी पुढून कापली असती तर पहिलं नळकांडं तोंडाच्या फार जवळ आलं असतं. इथे अंतरं सारखी आहेत. शिवाय नळी मागे जाड, मध्ये बारीक, तोंडाशी पुन्हा किंचित फुगलेली आहे, आणि लाकडातली खाच त्या फुगवट्याला अचूक धरून आहे. दस्ता याच नळीसाठी कोरलाय.

मात्र नळी काढून खालून बघायचा मोह टाळा. ती लहान लोखंडी खिळ्यांनी दस्त्याला अडकवलेली असते. पुढचं लाकूड बोटभरही जाड नसतं, खिळा ठोकताना कपचा उडतो. ते जाणत्या हाताचं काम.

आणि कृपा करून पितळ घासू नका. आपल्या हाताला चिंच-मिठाची सवय, पण इथे ती सवय घात करेल. ती काळसर झळाळी म्हणजे २०० वर्षांचा हात आहे. घासलंत की कोरीव रेषा पुसट होतात आणि परत येत नाहीत.

तांबटआळी:
याला माझी साक्ष. आईचा तांब्या मी हौसेने एका दुकानात पॉलिशला दिला. चकचकीत होऊन आला, पण आजीचं नाव गेलं. 'सौ.' एवढंच उरलंय.

कुडाळकर:
ताई, नळीवर सही शोधली का? काळोखात टॉर्च आडवा धरून बघा. आमच्याकडे देवळातला झिजलेला शिलालेख असाच वाचतात. उजेड समोरून टाकला तर काही दिसत नाही, कडेने टाकला की अक्षरांना सावली पडते.

मेपलपान:
आज रात्री मुलाला घेऊन बसते. तो आता १७ वर्षांचा आहे, आडवा टॉर्च धरायला तयारच आहे.

सातासमुद्रापार:
वाचनखूण साठवली. मी फिलाडेल्फियाला असते, त्यावरून एक खरी गोष्ट. बेथलेहेमजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग या मोरावियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) वस्तीत ख्रिश्चन ओएर्टर नावाचा कारागीर होता. त्याने १७७५ मध्ये बनवलेली सहीची रायफल १९७१ मध्ये व्हॅली फोर्जच्या संग्रहालयातून चोरीला गेली. जवळपास ५० वर्षं पत्ता नव्हता. मग जुन्या कोठारातल्या विक्रीत ती एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला मिळाली. त्याला आधी वाटलं, ही आधुनिक नक्कल असणार. साफ करून नीट पाहिल्यावर शंका आली, शोध घेतला, आणि ती तीच निघाली. २०१९ मध्ये इथल्या अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयात मांडली. सांगायचं म्हणजे, सही आणि साल दोन्ही असूनही जाणता माणूस आधी फसू शकतो.

रंजकदाणी:
हो! आणि याच्या उलटही होतं. बिनसहीच्या बंदुकीवर नंतर कोणीतरी मोठं नाव कोरतं, भाव वाढावा म्हणून. जुनी सही असेल तर अक्षरांच्या आतही गंज आणि बारीक खड्डे असतात. नवी कोरलेली असेल तर रेघ त्या खड्ड्यांना कापत जाते, कडा ताज्या दिसतात. ताई, काही दिसलं तर हे आधी बघा.

मेपलपान:
मंडळी, सापडलं काहीतरी!

रात्री ११ वाजता, सगळे दिवे बंद करून. मुलाने टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून धरला. मागच्या माशीच्या पुढे, वरच्या पैलूवर, एक तिरकी वळणदार रेघ, मग थोडी जागा, मग एक उभी रेघ आणि तिला शेवटी शेपटी. बाकी सगळं खड्ड्यांनी खाल्लंय. रेघांच्या आतही खड्डे आहेत, म्हणजे जुनीच. पण अक्षर एकही पुरं लागत नाही. मुलगा म्हणतो पहिलं 'जे', मला 'एस' वाटतं. दोघंही अर्धा तास भांडलो. फोटो टाकलाय.

टिवटिवाट:
मला 'श्री' दिसतंय. :)

वऱ्हाडी_इन_ओहायो:
मला 'जे'. आणि शेवटची शेपटी 'झेड'ची असू शकते.

रंजकदाणी:
'झेड' वाचून माझं काळीज लकाकलं, कारण बर्क्समधल्या वूमेल्सडॉर्फला जॉन बोनविट्झ नावाचा उत्तम कारागीर होता आणि त्याच्या नावात पहिलं 'जे' आणि शेवटचं 'झेड'. पण थांबा. आपल्याला जे हवंय तेच दिसायला लागलं की घात होतो. आजींच्या सासऱ्यांनाही असंच डिकर्ट दिसलं असेल.

नाव लावायचा एकच प्रामाणिक मार्ग आहे: बोनविट्झची सही शाबूत असलेल्या बंदुकीशेजारी ही ठेवायची आणि तपशील जुळवायचे. गालपट्टीमागचं कोरीवकाम, घोड्याखालच्या पितळी कमानीचा आकार, डाव्या बाजूच्या पट्टीची कड, पॅचबॉक्सची कळ. कोरीवकामात तर हस्ताक्षरासारखं असतं. वेलीचा शेंडा कुठे संपवायचा, छिन्नी कुठे उचलायची, हे माणूस बदलत नाही. सगळं जुळलं तर 'बोनविट्झच्या हातची असावी' म्हणता येईल. तेही 'असावी'च.

जवळच आहात तर लँडिस व्हॅलीचं संग्रहालय आणि नॅझरेथजवळ जेकब्सबर्गचं लाँगरायफल संग्रहालय दोन्ही बघा. आणि घराण्याचा शोध वेगळ्या वाटेनेही घ्या. पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या करयाद्यांत काही ठिकाणी धंदा लिहिलेला असतो. १८५० च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. आजींच्या सासरचे १८०० च्या सुमाराला कुठे राहत होते ते कळलं तरी पुष्कळ.

सातासमुद्रापार:
जर्मन घराण्यांत बाप्तिस्म्याची रंगीत दाखलापत्रं असतात, फ्राक्टूर म्हणतात. पक्षी, ट्यूलिप, जर्मन अक्षरं. आजींकडे असेल तर त्यात गावाचं नाव मिळेल.

मेपलपान:
आहे! जिन्यात फ्रेम करून लावलेलं आहे, १४ वर्षं मी त्याच्याखालून जातेय. उद्या वाचून घेते.

वऱ्हाडी_इन_ओहायो:
रच्याकने, घरात ठेवायला परवाना लागतो का?

सातासमुद्रापार:
अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू धरतात. राज्यांचे नियम वेगळे असतात, तेवढे नातवाच्या राज्यात बघून घ्यायला सांगा. भारतात आणायची म्हटलं तर ते प्रकरण पूर्ण निराळं.

कुडाळकर:
ताई, पुढे काय झालं? आठवडा झाला.

मेपलपान:
क्षमस्व, आजींचं सामान हलवण्यात गेला आठवडा. सगळं सविस्तर सांगते.

फ्राक्टूर वाचलं. १७९८ सालचं, गाव टल्पहॉकन, बर्क्स काउंटी. म्हणजे वूमेल्सडॉर्फच्या शेजारीच. आजींचे सासरचे लोक लँकेस्टर काउंटीत आले ते पुढच्या पिढीत. आणि त्या चांदीच्या पट्टीवरची अक्षरं त्या दाखल्यातल्या बाळाच्या वडिलांच्या नावाशी जुळतात! मी जिन्यातच बसून राहिले.

मग एका संग्रहालयातल्या अभ्यासकांना भेटलो. आजी, मी आणि मुलगा. त्यांनी पांढरे हातमोजे घालून बंदूक गादीवर आडवी ठेवली आणि पहिली दहा मिनिटं एक शब्दही बोलले नाहीत. नुसता अंगठा दस्त्याच्या वरच्या कडेवरून फिरवत होते. मग म्हणाले, बर्क्स, १८०० च्या आसपास. रंजकदाणी, शब्दशः तुमचंच! बोनविट्झबद्दल विचारलं. त्यांनी त्याच्या सहीच्या दोन बंदुकांचे मोठे फोटो शेजारी ठेवले. घोड्याखालची कमान जुळते. पॅचबॉक्सची कळ जुळते. पण गालपट्टीमागची वेल जुळत नाही. बोनविट्झची वेल आत वळून संपते, आपली बाहेर उघडते. त्यांचं म्हणणं, त्याच परिसरातला, कदाचित त्याच्याकडे काम शिकलेला कोणी. पण नाव ते देणार नाहीत.

आजी सगळं ऐकत होत्या. मला वाटलं खट्टू होतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे आमच्या गावच्याच माणसाने, आमच्याच माणसासाठी केली?" ते म्हणाले, "तसंच दिसतं." आजी म्हणाल्या, "मग डिकर्टपेक्षा हे बरं."

घरी येऊन त्यांनी कप्पा उघडायला लावला. मला वाटलं जुनी चिठ्ठी काढून टाकायची असेल. तर म्हणाल्या, ती राहू दे, त्यांनी मनापासून लिहिली होती. दुसरी चिठ्ठी लिहायला सांगितली, माझ्या मुलाच्या हाताने, पेन्सिलीनेच: 'बर्क्स काउंटी, टल्पहॉकनजवळ, १८०० च्या सुमारास. बनवणाऱ्याचं नाव सापडलं नाही.' दोन्ही चिठ्ठ्या एकीवर एक ठेवल्या आणि झाकण त्यांनी स्वतः लावलं.

तांबटआळी:
वाचताना डोळे भरून आले ताई.

शांतीब्रह्म:
ही दुसरी चिठ्ठी मला फार आवडली.

रंजकदाणी:
ती वेल बाहेर उघडते, हे मी फोटोत बघूनही मला दिसलं नव्हतं. ताई, गालपट्टीच्या मागचा एक मोठा फोटो, आडव्या उजेडात काढलेला, टाकाल का? अशा वेलीची दुसरी एखादी बंदूक कुठे ना कुठे असणार, आणि कदाचित तिच्यावर सही असेल. मी शोधत राहतो.

मेपलपान:
नातू शनिवारी न्यायला येतोय. त्याआधी नक्की काढते.

कुडाळकर:
मी गणपतीला घरी जातोय. आमची ती बंदूक काकांकडे आहे, परवाना त्यांच्या नावावर केला. कोणी बनवली ते घरात कोणीच कधी विचारलं नाही, मीपण नाही. या वेळी उतरवून घेतो आणि टॉर्च आडवा धरून बघतो.

आधी गज टाकून.